हिवाळ्यात टाट्राच्या डोंगरात एक दिवस: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

युरोपात हिवाळ्यात फिरणारे बॅकपॅकर पोलंडमधल्या क्राकोवला पोचले की एक-दोन दिवस झाकोपानेसाठी काढतातच. बसने दोन-अडीच तासांत गाव येतं (शनिवार-रविवारी रस्ता तुंबला तर कितीही), आणि गावाच्या डोक्यावरच पोलंड-स्लोव्हाकिया सीमेवरची टाट्राची रांग उभी असते. मी तीन हिवाळे तिथे गेले आहे. त्यानंतर ओळखीचे लोक जे विचारत राहतात, त्याची ही उत्तरं. दोर लावून शिखरं चढणाऱ्यांसाठी यात काही नाही. सकाळी हॉस्टेलातून निघून संध्याकाळी तिथेच परतणाऱ्यांसाठी आहे.

मी आयुष्यात बर्फात चाललेलो नाही. जमेल का?

जमेल, वाट नीट निवडलीत तर. आपण रोजच्या बोलण्यात सगळ्यालाच ‘बर्फ’ म्हणतो, पण पायाखाली तो दर शंभर पावलांवर वेगळा असतो. ताजा, भुसभुशीत बर्फ दमवतो, पण पाडत नाही. लोकांनी तुडवून घट्ट केलेला बर्फ सकाळी चालायला झकास वाटतो. दुपारी ऊन लागून वरचा थर वितळतो, सावली आली की पुन्हा गोठतो आणि त्याची काच होते. म्हणजे सकाळी ज्या वाटेने मजेत वर गेलात, तीच वाट उतरताना दुसरीच असते. नवख्या माणसाला हेच माहीत नसतं. दम आहे का, हा प्रश्न नंतरचा.

मग नक्की कुठे जाऊ?

पहिल्या दिवसासाठी माझं मत कोश्चेलिस्का दरीला. किरी या ठिकाणी मिनीबस सोडते, तिथून ओर्नाकच्या डोंगरी विश्रामगृहापर्यंत साधारण दीड तास. बर्फात थोडा जास्त धरा. चढ दोनशे मीटरही नाही. ओढ्याच्या काठाने, चुनखडीच्या कड्यांमधून वाट जाते, आणि ओढा अर्धा गोठलेला असला की बर्फाच्या पापुद्र्याखालून पाणी वाहताना दिसतं. ‘हे काय, नुसती दरीच’ असं म्हणणारे भेटतात. त्यांनी अजून वारा खाल्लेला नसतो.

खोखोवोव्स्का ही पोलंडच्या बाजूची सगळ्यात लांब दरी. रुंद आणि सोपी आहे, पण जाऊन-येऊन पल्ला मोठा पडतो आणि हिवाळ्याचा दिवस आखूड असतो.

सगळ्यांना जायचं असतं ते मोर्स्क्ये ओकोला. १३९५ मीटरवरचं हे तळं टाट्रातलं सगळ्यात मोठं, आणि त्याच्या मागे कड्यांची भिंत. गाड्या आणि मिनीबस जिथे थांबतात त्या पालेनित्सापासून तळ्यापर्यंत सुमारे आठ किलोमीटरचा डांबरी रस्ता आहे, त्यावर खाजगी गाड्या येत नाहीत, चढ चारशे मीटरच्या आसपास. जायला दोन-अडीच तास. रस्ता आहे म्हणून लोक पांढऱ्या स्नीकर्समध्ये येतात, आणि उतरताना रेलिंग धरून तिरके तिरके चालताना दिसतात. गाडीने जाणार असाल तर पालेनित्सामधल्या पार्किंगची जागा आधीच ऑनलाइन घ्यावी लागते. मिनीबसने गेलात तर ती कटकट नाही.

जरा अंगावर घ्यायचं असेल तर गावाच्या टोकाच्या कुझ्नित्सेहून हाला गॉन्शेनित्सोवा या डोंगरी कुरणाला. तिथे १५०० मीटरवर मुरोवान्येत्स नावाचं दगडी विश्रामगृह आहे. पाचशे मीटरचा खरा चढ, उन्हाळी हिशेबाने दोन तास. कुझ्नित्सेहून दोन वाटा आहेत: बोचान टेकडीवरून जाणारी निळी आणि यावोझिंका दरीतून जाणारी पिवळी. हिवाळ्यात मी निळीनेच जाते आणि निळीनेच उतरते. पिवळीचा वरचा टप्पा उभा आहे.

ग्येवोंत (१८९४ मीटर) हिवाळ्यात विसरा. माथ्यावरचा लोखंडी क्रॉस गावातून इतका जवळ दिसतो की तासाभरात जाऊन येऊ असं वाटतं. पण शेवटच्या टप्प्यातल्या धरून चढायच्या साखळ्या बर्फाखाली गेलेल्या असतात.

पाटीवर वाटेचा रंग काळा आहे. म्हणजे सगळ्यात अवघड?

नाही! हा गैरसमज बाहेरून आलेल्या जवळजवळ प्रत्येकाचा असतो, कारण स्कीच्या उतारांवर काळा म्हणजे कठीण. पोलंडच्या पायवाटांवर लाल, निळा, हिरवा, पिवळा, काळा हे रंग फक्त एक वाट दुसरीपासून वेगळी ओळखू यावी म्हणून असतात. काळी वाट अर्ध्या तासाची सोपी जोडवाट असू शकते, आणि लाल वाट तुम्हाला कड्यावर नेऊ शकते.

पाट्यांवर अंतर नसतं, वेळ असते. ती कोरड्या उन्हाळी वाटेची. ताज्या बर्फात ती दीडपट धरा, कोणी वाट तुडवलेली नसेल तर दुप्पट.

किती वाजता निघावं?

डिसेंबरच्या शेवटी झाकोपानेत सूर्य साडेसातच्या सुमारास उगवतो आणि पावणेचारच्या आसपास मावळतो. म्हणजे हातात आठ तास. त्यातही दरीत ऊन फार कमी वेळ असतं, कडा मधे आला की दोन वाजताच सावली पडते आणि गारठा एकदम अंगावर येतो. आठला मिनीबसमध्ये बसलेलं बरं. हॉस्टेलचा नाश्ता आठला सुरू होत असेल तर ब्रेड आदल्या रात्रीच घेऊन ठेवा.

दोन वेळा आधीच लिहून ठेवा: परत फिरायची वेळ आणि शेवटच्या मिनीबसची वेळ. हिवाळ्यात मिनीबस लवकर बंद होतात, आणि थांब्यावरचं वेळापत्रक उन्हाळ्याचं आहे की हिवाळ्याचं हे विचारल्याशिवाय त्यावर विसंबू नका. हेडटॉर्च दिवसाच्या फेरीलाही सॅकमध्ये हवाच. फोनचा टॉर्च म्हणजे टॉर्च नव्हे. फोन का नाही, ते खाली येतंय.

बुटांना काटे लावावे लागतात का? विकत घेऊ की भाड्याने?

भाड्याने घ्या. झाकोपानेत डोंगरी सामान भाड्याने देणारी दुकानं पावलोपावली आहेत. फक्त शब्द बरोबर वापरा. ‘राच्की’ म्हणजे रबरी पट्ट्यात बसवलेल्या साखळ्या आणि छोटे दात, साध्या ट्रेकिंगच्या बुटांवर ओढून चढवायचे. ‘राकी’ म्हणजे लांब दातांचे खरे क्रॅम्पॉन, ते कडक तळाच्या बुटांनाच नीट बसतात. वर सांगितलेल्या वाटांना राच्की पुरतात. ‘चेकान’, म्हणजे बर्फाची कुऱ्हाड, हवी असेल अशा वाटेवर तुम्ही शिकल्याशिवाय जायचं नाही. कुऱ्हाड हातात असणं वेगळं आणि घसरताना ती कशी रोवायची हे येणं वेगळं.

दुकानातच बूट घालून राच्की चढवून पाहा. मी पहिल्या वर्षी तसं केलं नाही. बोचानच्या जंगलात उतरताना उजव्या पायाचं रबर टाचेपाशी चिरलेलं निघालं. दर वीस पावलांवर ते सटकायचं, मी हातमोजा काढून ते वर ओढायचे, बोटं बधिर व्हायची, हातमोजा घालायचे, पुन्हा वीस पावलं. शेवटी बुटाची सुटी नाडी काढून बांधलं तेव्हा ते टिकलं. तेव्हापासून सॅकमध्ये दोन मीटर दोरी आणि चिकटपट्टी असते.

चालण्याच्या काठ्या मात्र नक्की घ्या. उतरताना त्यांच्याएवढं उपयोगाचं दुसरं काही नाही.

हिमस्खलनाची भीती खरंच आहे का? मी तर दरीतच राहणार.

आहे, आणि दरीतही आहे. मोर्स्क्ये ओकोचा डांबरी रस्ता हिमस्खलनाच्या घळींखालून जातो. धोका वाढला की राष्ट्रीय उद्यान तो रस्ताच बंद करतं. त्या दिवशी फाटकापाशी वाद घालणारे पर्यटक मी पाहिले आहेत. ‘पण रस्ता तर स्वच्छ दिसतोय.’ दिसणारच की. बर्फ अजून वरच आहे!

डोंगरी बचाव दल ‘टोपर’ हंगामात हिमस्खलनाचं पत्रक रोज काढतं. धोक्याच्या पायऱ्या १ ते ५, सगळ्या युरोपात सारख्याच. लोक ५ मधले ३ म्हणजे ‘मध्यम’ असं धरतात. तसं नाही. ही मोजपट्टी शाळेच्या गुणांसारखी सारख्या अंतराने चढत नाही. ३ ला धोका ‘लक्षणीय’ म्हणतात, आणि एकट्या माणसाच्या वजनानेही उतार सुटू शकतो. नवख्यांसाठी माझा हिशेब साधा आहे. १ असताना वर सांगितलेल्या वाटा, २ असताना जंगल आणि रुंद दऱ्या, ३ किंवा जास्त असताना आधी उद्यानाची सूचना वाचायची, आणि शंका असेल तर गावातच फिरायचं. उतार साधारण ३० अंशांच्या पुढे गेला की तो सुटण्याजोगा समजा. डोळ्यांना ३० अंश फारसे उभे वाटत नाहीत, तिथेच फसगत होते.

मुरोवान्येत्सच्या पुढे चार्नी स्ताव नावाचं तळं आहे, अर्ध्या-पाऊण तासावर, १६२४ मीटरवर. तिथे जाणाऱ्या वाटेवर एक दगड उभा आहे. संगीतकार मिएचिस्वाव कार्वोविच ८ फेब्रुवारी १९०९ रोजी इथे स्कीवर एकटाच आला होता, बरोबर कॅमेरा होता. माली कोश्चेलेत्सच्या उतारावरून हिमस्खलन आलं. तो ३२ वर्षांचा होता. त्याच वर्षी टोपरची स्थापना झाली, आणि त्याच्या मृत्यूचा त्यात मोठा वाटा होता. दगडापाशी उभं राहून वर पाहिलं तर उतार भयानक वगैरे अजिबात दिसत नाही. शाळेच्या सहलीत मुलं घसरगुंडी करतील असा दिसतो.

दुसरा प्रसंग अलीकडचा. २८ जानेवारी २००३ रोजी रिसी शिखराच्या वाटेवर शाळेच्या एका गटावर हिमस्खलन कोसळलं आणि ८ जण गेले. रिसी (पोलंडमधलं सर्वोच्च टोक, २४९९ मीटर) उन्हाळ्यात भरपूर लोक चढतात. म्हणून हिवाळ्यात कोणी ‘आम्ही चाललोय, येतोस का’ म्हणालं तर आधी विचारा: ट्रान्सीव्हर (बर्फाखाली गाडलेल्याचा ठावठिकाणा सांगणारं यंत्र), प्रोब (बर्फात खुपसून शोधायची लांब काठी), फावडं सगळ्यांकडे आहे का, आणि सगळ्यांना वापरता येतं का? उत्तर देताना समोरचा हसला, तर जाऊ नका.

कपडे काय घालू? माझ्याकडे एकच जाड जाकीट आहे.

जाड जाकीट सॅकमध्ये ठेवा, थांबल्यावर घालायला. चालताना त्यात घाम येतो आणि हिवाळी डोंगरात घाम हा थंडीपेक्षा वाईट. अंगालगत लोकरीचा किंवा सिंथेटिक पातळ थर, त्यावर फ्लीस, त्यावर वारा अडवणारं कवच. सुती काही नको, जीन्सही नको. भिजली की तिचं पत्र्याचं धोतर होतं. निघताना थोडं कुडकुडत निघालात तर कपडे बरोबर आहेत.

हातमोज्यांच्या दोन जोड्या घ्या. एक भिजते किंवा वाऱ्याने उडते, आणि उडालेला हातमोजा परत मिळत नाही. गॉगल फॅशनसाठी नाही: ताजा बर्फ अतिनील किरणांपैकी ८० टक्क्यांपर्यंत परत फेकतो, आणि डोळे भाजल्याचं रात्रीच कळतं.

दर शंभर मीटर चढाला तापमान साधारण अर्धा-पाऊण अंश उतरतं, हा ढोबळ नियम. पण टाट्रात तो उलटतोही. कित्येक दिवस झाकोपाने गारठलेल्या धुक्यात आणि चिमण्यांच्या धुरात बुडालेलं असतं, आणि हजार मीटर वर लख्ख ऊन आणि जास्त ऊब. कास्प्रोवी व्येर्खवर (१९८७ मीटर) १९३६ पासून केबल कार जाते. अशा दिवशी तिने वर गेलं की ढगांचा समुद्र पायाखाली असतो. वर जाऊन, पाहून, केबल कारनेच खाली या. कड्याच्या काठाला बर्फाचे छज्जे असतात, त्यांवर उभं राहिलात तर पायाखाली फक्त हवा असते.

‘हाल्नी’ हा शब्द मात्र लक्षात ठेवा. दक्षिणेकडून डोंगर ओलांडून येणारा कोमट, सुसाट वारा. भर डिसेंबरात एकदम उबदार वाटायला लागलं तर खुश होऊ नका. २०१३ च्या नाताळात याच वाऱ्याने इथली जंगलंच्या जंगलं आडवी केली. हाल्नीचा इशारा असेल त्या दिवशी जंगलातली वाटही सुरक्षित नसते.

पाणी आणि फोन गोठतो का?

पाण्याची नळी असलेली पिशवी आणूच नका, नळी पहिली गोठते. बाटली उलटी ठेवा. पाणी वरून गोठायला लागतं, मग बर्फ तळाशी जमतो आणि झाकण मोकळं राहतं. थर्मास असेल तर सोन्याहून पिवळं. डोंगरी विश्रामगृहात ‘व्झाँतेक’ मागा, उकळतं पाणी मिळतं.

फोन थंडीत ४० टक्क्यांवरूनही सरळ बंद पडतो. बॅटरी संपलेली नसते, गारठलेली असते. आतल्या खिशात, अंगालगत ठेवा, पॉवर बँकही तिथेच. आणि नकाशा ऑफलाइन उतरवून घ्या, कारण सीमेवरच्या रांगेवर फोन हळूच स्लोव्हाकियाच्या नेटवर्कवर जातो.

शाकाहारी माणसाचं तिथे काय?

उपाशी राहणार नाही, पण सांभाळून. ‘पिएरोगी रुस्क्ये’ म्हणजे बटाटा आणि पनीरसारख्या चीजचं सारण भरलेल्या उकडलेल्या करंज्या, जवळजवळ सगळीकडे मिळतात. मात्र वरून डुकराच्या चरबीचे तळलेले तुकडे टाकायची पद्धत आहे. म्हणून मागतानाच सांगा: ‘बेझ स्क्वारेक.’ सूप बहुतेक मांसाच्या पाण्यातलंच असतं, भाज्या दिसल्या तरी. शार्लोत्का, म्हणजे सफरचंदाचा केक, आणि लिंबाचा चहा यावर माझा एक अख्खा दिवस निघाला आहे. रस्त्यात धुरावलेलं ओस्त्सिपेक चीज विकतात. अस्सल ओस्त्सिपेक मेंढीच्या दुधाचं, उन्हाळी हंगामातलं. हिवाळ्यात मिळतं ते बहुधा गाईच्या दुधाचं. चव तरी छान असते, भाजून घ्या. थोडे झ्लॉटी (पोलंडचं चलन) रोख ठेवा, वर कार्डचं मशीन कधी रुसतं.

गोठलेल्या तळ्यावर चालतात ते फोटो पाहिले. चालू का?

मी चालत नाही. ओढा जिथे तळ्यात शिरतो तिथे बर्फ पातळ असतो आणि वर ताजा बर्फ पडला की ते दिसत नाही. मोर्स्क्ये ओको पन्नास मीटर खोल आहे.

एकट्याने जाऊ का?

मोर्स्क्ये ओको आणि कोश्चेलिस्काला खरं तर तुम्ही एकटे नसताच, इतके लोक असतात. मुरोवान्येत्सला एकटं जायचं तर हॉस्टेलच्या काउंटरवर वाट आणि परतीची वेळ लिहून द्या. आणि परत आल्यावर सांगायला विसरू नका. मी एकदा विसरून झोपले. रात्री नऊला काउंटरवरची मुलगी दार ठोठावत होती, आणि तिचा चेहरा पाहून मला जी लाज वाटली ती अजून आठवते.

काही झालंच तर कोणाला फोन करायचा? पैसे पडतात का?

टोपरचा नंबर ६०१ १०० ३००, किंवा ९८५. युरोपभर चालणारा ११२ आहेच. पोलंडचं ‘रातुनेक’ नावाचं ॲप फोनबरोबर तुमचं ठिकाणही पाठवतं. फोन नसेल तर मिनिटाला सहा वेळा शिट्टी किंवा उजेड, मग एक मिनिट थांबून पुन्हा. हेलिकॉप्टर आलं आणि मदत हवी असेल तर दोन्ही हात वर करा. नको असेल तर एक हात वर, एक खाली.

पोलंडच्या बाजूला सुटका मोफत असते. उद्यानाच्या तिकिटाच्या पैशातले १५ टक्के बचाव दलांना जातात, त्यामुळे तिकीट चुकवणाऱ्यांचा मला मनापासून राग येतो. सीमेपलीकडे स्लोव्हाकियात बचाव दलाचा नंबर १८ ३०० आणि तिथे बिल येतं, हेलिकॉप्टर लागलं तर भलंमोठं. शेंगेन व्हिसासाठीचा किमान ३०,००० युरोंचा विमा वैद्यकीय खर्चासाठी असतो. डोंगरातून शोधून आणण्याचा खर्च त्यात असेलच असं नाही. पॉलिसीत ‘हिवाळी खेळ’ आणि उंचीची मर्यादा या ओळी शोधून वाचा. शिवाय स्लोव्हाकियात विश्रामगृहांच्या वरच्या वाटा १ नोव्हेंबरपासून उन्हाळ्याच्या तोंडापर्यंत बंद असतात. बंद वाटेवर पडलात तर विमा कंपनीला आयतंच कारण मिळतं.

इतक्या लांब येऊन अर्ध्यातून परत फिरायचं?

हा प्रश्न प्रत्येक जण विचारतो, बहुतेक स्वतःलाच. आणि ‘इतक्या लांब आलोय तर’ हेच वाक्य हिवाळी डोंगरात सगळ्यात जास्त घात करतं. तिकीट, व्हिसा, सुट्टी हे सगळं पाठीमागून ढकलत असतं, आणि वाऱ्याला त्यातलं काहीच माहीत नसतं.

दुसऱ्या वर्षी एका मैत्रिणीबरोबर मुरोवान्येत्सला निघाले होते. बोचानच्या जंगलात बर्फ गुडघ्याच्या खाली, वारा नावालाही नाही. झाडं संपून धार उघडी झाली तशी काठी हातातून आडवी व्हायला लागली. पापण्यांवर बर्फाचे कण जमले. पुढच्या खुणेचा खांब दिसत होता, त्याच्या पुढचा नाही. मैत्रीण ओरडून काहीतरी सांगत होती, ते मला ऐकू येत नव्हतं; तिच्या ओठांवरून कळलं की ती ‘अजून थोडं’ म्हणते आहे. मी घड्याळ दाखवलं. अकरा वीस. परत फिरायची वेळ आम्ही बाराची ठरवली होती, म्हणजे चाळीस मिनिटं शिल्लक होती. पण पुढचा खांब दिसत नसेल तर वळायचं, हेही सकाळी चहा पिताना ठरलं होतं, आणि चहाच्या वेळी आम्ही दोघी आतापेक्षा शहाण्या होतो.

वळलो. दोनशे पावलांत झाडं आली आणि कोणीतरी बटण दाबावं तसा आवाज बंद झाला. उभ्यानेच थर्मासमधला चहा प्यायलो. ती माझ्याशी अर्धा तास बोलली नाही. दुसऱ्या दिवशी दिवसभर बर्फ पडला, आम्ही कोश्चेलिस्काला गेलो. तिसऱ्या दिवशी क्राकोवची बस पकडली, तर खिडकीतून सगळी रांग उन्हात चकचकत होती, एक ढग नाही. तिने माझ्याकडे पाहिलं, मी तिच्याकडे, आणि आम्ही दोघी हसत सुटलो. मुरोवान्येत्स आम्ही पुढच्या वर्षी पाहिलं.